टाच फिरली तर गुडघा वाचतो

लाथ मारणाऱ्या पोरीकडे पाहताना सगळ्यांची नजर वर उडणाऱ्या पायावर असते. गुडघ्याची मोठी इजा मात्र बरेचदा दुसऱ्याच पायाला होते. तो पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. 'पाऊल' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हा टेकलेला पाय आला. शहरातल्या वातानुकूलित हॉलमध्ये, गादीसारख्या मॅटवर तो कसा वागतो हे पुष्कळ लिहिलं गेलंय. मुरमाच्या मैदानावर, शाळेच्या ओट्यावर, कॅनव्हासच्या बुटात तो कसा वागतो हे मला बघायचं होतं. म्हणून मी वडीगोद्रीला गेले.

फाट्यावरचं गाव

वडीगोद्री जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथं महामार्गाला मिळतो. एका अंगाला पाचोड आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या अंगाला शहागड, गोदावरीचा पूल आणि पुढे गेवराई, बीड. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणासाठी इथं उपोषण झालं आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. एरवी मात्र हे एसटीची वाट बघणाऱ्या माणसांचं, उसाच्या ट्रॅक्टरांचं आणि दप्तरं सावरत रस्ता ओलांडणाऱ्या पोरांचं गाव आहे.

या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी तरुण मुलं हमखास दिसतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्याची ही तयारी. शाळकरी पोरांना खेळाकडे ओढणारी कारणंही अशीच रोकडी आहेत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये कराटे, तायक्वांदो, वुशू, किकबॉक्सिंग हे खेळ आले, तेव्हा ज्या शाळेला मोठं मैदान नाही तिथल्या मुलांनाही वाट मिळाली. कबड्डीला चौदा गडी लागतात, क्रिकेटला साहित्य लागतं. लाथ मारायला एक पोरगं आणि त्याच्यापुढची दोन हात जागा पुरते. निदान तसं वाटतं तरी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं. मुदत तीन महिन्यांची. या वर्गांमुळे ज्या घरात मुलीनं मैदानावर पळणंही कुणाला फारसं रुचत नाही, त्या घरातली मुलगी आज जमिनीवर घट्ट उभी राहून लाथ मारायला शिकते. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. म्हणूनच तिचा गुडघा शाबूत राहायला हवा.

इची, नी, सान

शाळा सुटल्यावर मैदानाच्या एका कडेला वर्ग भरला होता. सर मोटरसायकलवरून येतात, आठवड्यातले ठरलेले वार. पंधरावीस पोरं, त्यांत निम्म्याहून अधिक मुली. दोघातिघांच्या अंगावर पांढरा गणवेश, बाकीचे शाळेच्याच कपड्यांत. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. 'इची, नी, सान, शी, गो' असे जपानी आकडे मराठवाड्याच्या हेलात घुमत होते आणि प्रत्येक आकड्याला एक लाथ.

पाऊस पडून गेलेला. मैदानाचा अर्धा भाग काळ्या मातीचा, त्यात चिखल. म्हणून वर्ग सरकत सरकत शाळेपुढच्या सिमेंटच्या ओट्यावर आला. सिमेंट जुनं, वरचा थर गेलेला, खाली बारीक खडी उघडी पडलेली. काही मुलं अनवाणी, काहींच्या पायात रबरी तळाचे काळे बूट.

मी ओट्याच्या कोपऱ्यात बसून नुसते टेकलेले पाय बघत होते. सर राउंडहाउस घेत होते. या लाथेत आधी गुडघा वाकवून वर घ्यायचा, मग कंबर आडवी फिरवायची आणि शेवटी नडगी झटक्यानं सोडायची. हे होत असताना टेकलेला पाय चवड्यावर फिरला पाहिजे, इतका की लाथ लागते त्या क्षणी टाच लक्ष्याकडे वळलेली असावी. सरांची टाच फिरत होती. त्यांच्यासमोरच्या रांगेत मात्र बहुतेक टाचा जागच्या जागी होत्या.

का ते अनवाणी पोरांच्या तळव्यांवरून कळलं. एका मुलीनं पाय उचलून दाखवला, चवड्याची कातडी सोलली होती. खडबडीत सिमेंटवर चवडा फिरवला की आग होते. दोनतीन वेळा आग झाली की शरीर आपोआप शिकतं आणि पाय फिरवायचं सोडून देतं. बूट घातलेल्यांची कातडी वाचते, पण रबर सिमेंटला असं धरून बसतं की पाय फिरवायचा म्हटलं तरी फिरत नाही. दोन्हीकडे कंबर फिरते, पाऊल तिथंच राहतं. मधला सगळा पीळ गुडघ्याच्या वाट्याला येतो.

सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. "टाच, टाच फिरव की गं," असं ते दर दोन मिनिटांनी ओरडत होते. पण ओट्यापुढे त्यांचा इलाज चालत नव्हता.

गुडघ्याला किती फिरता येतं

गुडघ्याचं मूळ काम वाकणं आणि सरळ होणं. फिरणं हे त्याचं जोडकाम आहे, तेही अटींवर. गुडघा काटकोनात वाकलेला असताना नडगी बाहेरच्या बाजूला सुमारे ४० अंश आणि आतल्या बाजूला सुमारे ३० अंश फिरू शकते. पाय जसजसा सरळ होतो तसतशी ही मोकळीक आटते. पूर्ण ताठ झालेला गुडघा जवळपास फिरतच नाही.

राउंडहाउसमध्ये टेकलेला पाय जवळजवळ ताठ असतो आणि वरचं शरीर काटकोनाहून जास्त वळतं. हे वळण शरीरात दोनच ठिकाणी सुखानं सामावतं, खुब्यात आणि चवड्याखाली. चवडा अडला की खुबा त्याला जमेल तेवढं फिरतो आणि उरलेलं वळण अशा सांध्यावर येऊन पडतं ज्याच्याकडे त्या अवस्थेत फिरायला जागाच नसते.

तिथं काय असतं? मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात, त्यांना आपण गादी म्हणतो. आतल्या बाजूची गादी सांध्याच्या आवरणाला अधिक पक्की जोडलेली असते. ती फारशी हलू शकत नाही म्हणून पिळात सापडून फाटते. आणि सांध्याच्या अगदी मध्यभागी एकमेकांना ओलांडणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा म्हणजे एसीएल. क्रिकेटपटूंच्या आणि कुस्तीगिरांच्या बातम्यांमुळे हे नाव आता गावोगाव माहीत झालंय. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, रुंदी जेमतेम एक. नडगी पुढे सरकू नये आणि नको तितकी फिरू नये, ही राखण तो करतो. तरुण माणसाचा एसीएल सरळ ताणला तर सुमारे २१०० न्यूटन, म्हणजे दोनशे किलोंहून जास्त वजन टांगल्याइतका ताण सोसतो. हे ऐकून तो अभेद्य वाटेल. पण गुडघा जवळजवळ सरळ, वरून अंगाचा भार, त्यात पीळ आणि गुडघा आतल्या बाजूला झुकलेला, असे चार ताण एकदम आले की ही ताकद अपुरी पडते. अडकलेल्या पावलावर मारलेल्या लाथेत हे चारही ताण एकत्र येऊ शकतात.

तायक्वांदोत आणखी एक भर पडली आहे. धडावरची लाथ दोन गुणांची, डोक्यावरची तीन, आणि गिरकी घेऊन मारली तर वर आणखी दोन. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून धडावरच्या लाथांचे गुण छातीवरच्या इलेक्ट्रॉनिक कवचातून मोजले जाऊ लागले. त्यानंतर खेळाची ढबच पालटली. पुढचा पाय अधांतरी धरून ठेवायचा आणि मागच्या एकाच पायावर उड्या घेत पुन्हा पुन्हा लाथा टाकायच्या, ही पद्धत रुळली. मोबाइलवर अशा लढती बघून आमची पोरं त्यांची नक्कल करतात. एका पायावर सगळं वजन, त्याच पायावर उडी, त्याच पायावर वळण. टेकलेल्या पायाचं काम दुपटीनं वाढलं, त्याचा सराव मात्र कुणी वेगळा घेत नाही.

हवेत मारलेली लाथ

आता उडणाऱ्या पायाकडे येऊ. चांगल्या खेळाडूच्या राउंडहाउसमध्ये पावलाचा वेग सेकंदाला पंधरा मीटरच्या घरात जातो, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरच्या वर. हा पाय कशावर तरी आदळला तर तो वेग तिथं संपतो. आदळायला काहीच नसेल तर? मग तो वेग शरीरालाच संपवावा लागतो.

पाय रोखायचं काम मांडीच्या मागचे स्नायू करतात. पुढचे स्नायू नडगी फेकतात, मागचे ती शेवटच्या क्षणी ओढून धरतात. मागचे स्नायू थकलेले किंवा मुळात कमजोर असले तर गुडघा पूर्ण ताठ होऊन खटकन थांबतो. त्या वेळी हाडांच्या कडा, मागचं आवरण आणि एसीएल हेच शेवटचे अडसर उरतात. एका लाथेनं काही बिघडत नाही. पण 'शंभर मार' म्हणून हवेत शंभर लाथा मारल्या तर शेवटच्या वीसतीस लाथांमध्ये पाय रोखायला स्नायूंत बळच राहिलेलं नसतं. पोरं सांगतात की गुडघ्याच्या मागे ओढ बसते, वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना टोचतं. ती तक्रार इथून येते.

कराटे आणि तायक्वांदो यांत इथं फरक आहे आणि तो शिकवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवा. तायक्वांदोत लाथ जोरात लागली तरच गुण मिळतो, म्हणजे पाय थांबवायचं पुष्कळसं काम समोरचं कवच करतं. स्पर्धेच्या कराटेत डोक्यावरची लाथ आवरती घ्यावी लागते, जोरात लागली तर दंड होतो. तिथं प्रत्येक लाथ खेळाडूला स्वतः आवरावी लागते. म्हणजे कराटेच्या पोरांना मांडीमागचे स्नायू बळकट करण्याची गरज जास्त. वडीगोद्रीच्या ओट्यावर सपाट्या निघत होत्या, बैठका निघत होत्या, या दोन्हींत मांडीच्या पुढच्या आणि छातीच्या स्नायूंना काम. मागच्या स्नायूंसाठी एकही व्यायाम नव्हता. महाराष्ट्रात मी जिथं जिथं असे वर्ग पाहिले, तिथं हीच उणीव दिसली.

त्यावरचा व्यायाम फुकटात होतो. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं, मांडीमागचे स्नायू सोडून देतील तोवर. मग हात टेकायचे. याला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग म्हणतात. आठवड्यात दोनदा, आरंभी पाचसहा वेळाच. खाली सतरंजी घातली की झालं.

सरांकडे एक किक पॅड होतं, तेही उसवलेलं. वीस पोरांत एक पॅड म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोनचार लाथा, बाकी सगळ्या हवेत. चिंध्या भरलेलं पोतं कडुलिंबाच्या फांदीला टांगलं तरी हे चित्र बदलेल. वाळू मात्र भरू नये. ओली वाळू दगडासारखी घट्ट होते आणि मग घोट्याचं दुखणं मागे लागतं.

वाटीखालचं टेंगूळ

वर्गातला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा गुडघे टेकायला तयार नव्हता. पँट वर केली तर दोन्ही नडग्यांवर, वाटीच्या दोन बोटं खाली, टणक उंचवटा. दाबलं की दुखतं. घरच्यांना वाटलं की पडला असेल.

हे पडल्याचं टेंगूळ नसतं. १९०३ साली बॉस्टनच्या रॉबर्ट ऑस्गुड यांनी आणि झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी वेगवेगळं याचं वर्णन केलं, म्हणून दोघांची नावं या दुखण्याला चिकटली. वाटीखालचा जाड स्नायुबंध नडगीच्या ज्या टोकाला जोडलेला असतो, तिथलं हाड वाढत्या वयात अजून कोवळं, कूर्चेचं असतं. मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक धावेत, उडीत, लाथेत तिथं ओढ देतो. उंची झपाट्यानं वाढण्याच्या वयात हाड आधी लांबतं आणि स्नायू मागे राहतो, त्यामुळे ओढ आणखी वाढते. ती जागा सुजते आणि हळूहळू उंचवटा धरते.

हे दुखणं बहुतेकांचं वाढ थांबली की आपोआप थांबतं, उंचवटा कायम राहिला तरी. घाबरायचं कारण नाही, ऑपरेशनही सहसा लागत नाही. पण ते 'अंगचोरपणा' समजून त्या पोराला आणखी दहा बेडूक उड्या मारायला लावणं चुकीचं आहे. जिना चढताना वाटीमागच्या सांध्यावर वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो आणि खोल बैठकीत तो सातपटीपर्यंत जातो. आपल्या बायका उकिडव्या बसून तासन् तास काम करतात, त्यामुळे नुसती बैठक वाईट असं मी म्हणणार नाही. शरीराला तिची सवय असते आणि ती सावकाश होते. दमलेल्या पोरानं पूर्ण बैठकीत उड्या मारत मैदानाला फेरी घालणं ही निराळी गोष्ट आहे. बेडूक उड्या, बदक चाल आणि कोंबडा या शिक्षा वर्गातून हद्दपार व्हाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाढत्या वयाच्या पोरांबाबत या भागातली आणखी एक अडचण शहरातल्या प्रशिक्षकाच्या ध्यानात येणार नाही. अंबड, घनसावंगी, गेवराई या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही पोरं आईबापांबरोबर जातात. त्यांचा सराव महिनोन् महिने बंद असतो. जूनमध्ये शाळा उघडते, पावसाळ्यातच तालुका पातळीच्या स्पर्धा लागतात. सहाआठ आठवड्यांत पोराला शून्यापासून स्पर्धेपर्यंत न्यायचं, म्हणून लाथांची संख्या एकदम वाढते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध आणि अस्थिबंध त्याहून सावकाश तयार होतात. परत आलेल्या पोराला बाकीच्यांच्या रांगेत पहिल्याच दिवशी उभं करण्याऐवजी त्याच्या लाथा महिनाभर निम्म्या ठेवल्या, तर त्याचं काही बिघडत नाही.

उडी कशी उतरते

मुलींकडे इथं थोडं अधिक लक्ष द्यावं लागतं. उडी आणि वळण असलेल्या खेळांत, त्याच खेळातल्या मुलांच्या तुलनेत मुलींचा एसीएल तुटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त असतं, हे जगभर दिसून आलंय. कारणं अनेक सांगितली जातात. त्यांतलं एक आपल्या हातातलं आहे. वयात येताना वजन आणि उंची वाढते, मात्र खुब्याभोवतीचं बळ त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे उडीवरून उतरताना गुडघे आतल्या बाजूला झुकतात.

ओट्यावर मी हे पाहिलं. उडी मारून लाथ, आणि उतरणं एका पायावर. मुलग्यांतही दोघांचे गुडघे झुकत होते, मुलींत बहुतेकींचे. उतरताना आवाज मोठा येत होता, फट्ट असा. तो आवाजच सांगतो की पाय ताठ आहे आणि धक्का स्नायूंऐवजी सांध्यात चाललाय. नॉर्वेतल्या संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉलमधल्या इजांच्या चित्रफिती बारकाईनं तपासल्या, तेव्हा पाय टेकल्यापासून साधारण सेकंदाच्या पंचविसाव्या भागातच एसीएल तुटतो असं दिसलं. इतक्या वेळात मेंदूनं सावध होऊन स्नायू आवळणं शक्यच नाही. पाय टेकण्याआधीच गुडघा वाकलेला आणि पावलाच्या सरळ रेषेत असायला हवा, आणि हे सवयीनंच होतं.

सवय लावता येते याचा पुरावा आहे. फुटबॉलसाठी 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा सराव तयार झाला. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या संघांवर तो वापरून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. इजा सुमारे एक तृतीयांशानं घटल्या, गंभीर इजा त्याहून जास्त. त्यात एका पायावर तोल, वाकून उतरणं, मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम असं साधंच आहे. साहित्य काही लागत नाही.

आणि चवड्यावर फिरणं? आमच्या मुलींना ते शिकवायला परदेशी पुस्तक उघडावं लागत नाही. पंचमीला फुगडी घालताना त्या गुडघे सैल ठेवून, पावलं जवळ घेऊन शेकडो वेळा फिरतात. मी सरांना म्हटलं, तर त्यांनी तिथंच दोन मुलींना ओट्याखालच्या कोरड्या मातीवर फुगडी घालायला लावली. हसतखिदळत घातली. मग त्याच मातीवर त्याच मुलींनी राउंडहाउस मारला आणि दोघींच्याही टाचा फिरल्या. पोरी त्याच, लाथ तीच, फक्त पायाखालची जमीन बदलली होती.

कबड्डीची साक्ष

जमिनीचा हा मुद्दा कबड्डीवाल्यांना कळायला वेळ लागत नाही. चढाईला गेलेला गडी बाजूची किंवा मागची लाथ टाकून गडी टिपतो, तीही एका पायावरची लाथच. मातीच्या मैदानावर अनवाणी खेळताना पाऊल थोडं घसरतं, त्या घसरण्यात पीळ निघून जातो. मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून होतात. मॅटवर पाऊल पकडून राहतं, त्यामुळे चपळाई वाढते आणि गुडघ्यावरचा पीळही. आयुष्यभर मातीत खेळलेला गडी थेट स्पर्धेच्या दिवशी मॅटवर उतरतो, तेव्हा त्याचा पाय जुन्याच हिशेबानं वळतो. माती जास्त सुरक्षित असा याचा सरसकट अर्थ नाही. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात, भेगेत अडकलेलं पाऊल मॅटहून वाईट. चाळलेली, पाणी मारून दाबलेली माती चांगली.

कट्टकन वाजलं तर

एसीएल तुटताना बरेचदा आवाज येतो. "कट्टकन वाजलं अन् पाय बसूनच गेला," असं ज्यांच्यावर हे गुदरलंय ती मुलं सांगतात. पहिल्या दुखण्यानंतर पाय टेकता येतो, चालताही येतं, म्हणून घरचे निर्धास्त होतात. सूज किती वेळात आली हे आठवून ठेवावं. दोनचार तासांत गुडघा टरारून सुजला तर सांध्यात रक्त उतरलंय, आणि खेळाडूंच्या अशा गुडघ्यांत दहापैकी सातांचा एसीएल गेलेला असतो. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गादीची शक्यता जास्त. गुडघा वाकतच नाही किंवा सरळच होत नाही असा अडकला, तर तसाच दवाखान्यात न्यावा.

पहिल्या दोन दिवसांत बर्फ, हलकी पट्टी, पाय उशीवर. गरम शेक आणि मालिश नको. तेल लावून गुडघा पिळणाऱ्या हाडवैद्याकडे तर मुळीच जाऊ नये. तुटलेल्या अस्थिबंधाशेजारची शाबूत गादी त्या पिळात फाटू शकते.

मग एक्स-रे निघतो, 'हाड चांगलं आहे' असं कळतं आणि पोरगं पंधरा दिवसांत मैदानावर परततं. इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. अस्थिबंध आणि गादी एक्स-रेत दिसत नाहीत. पण जाणत्या हातांना यंत्राशिवायही कळतं. गुडघा थोडा वाकवून, मांडी एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढून पाहायची. याला लॅकमन चाचणी म्हणतात. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांची ही चाचणी १९७६ पासून जगभर वापरात आहे. नडगी दुसऱ्या पायापेक्षा जास्त पुढे आली आणि शेवटी घट्ट अडली नाही, तर एमआरआय करायचा. वडीगोद्रीहून त्यासाठी जालना किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचा रस्ता इथल्या माणसांना तोंडपाठ आहे. ऑपरेशन ठरलं तर खर्चाला हात घालण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

ऑपरेशननंतरचा काळ ऑपरेशनाहून अवघड असतो. कुस्तीगीर विनेश फोगाटच्या डाव्या गुडघ्याला १३ ऑगस्ट २०२३ रोजी इजा झाली, १७ ऑगस्टला मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिसच्या आखाड्यात उतरून अंतिम फेरीपर्यंत गेली. त्या एका वर्षात तिच्यामागे फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, सरावाची जोडीदार अशी सगळी फळी होती. वडीगोद्रीच्या मुलीमागे एक एसटी आणि बुडणारी मजुरी असते. फिजिओथेरपीला आठवड्यात तीनदा जायचं तर आई किंवा बापाचा एकेक दिवस जातो, मग दोन महिन्यांत जाणं थांबतं. गुडघा दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं धरलं जातं. नवा अस्थिबंध पक्का व्हायला त्याहून फार जास्त वेळ लागतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांत, जितके महिने लवकर तितका पुन्हा इजेचा धोका वाढतो असं नॉर्वेतल्याच एका अभ्यासात २०१६ मध्ये दिसलं. पंचविशीच्या आतले जे खेळाडू ऑपरेशननंतर खेळात परततात, त्यांतल्या साधारण चौघांत एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा तीच इजा होते. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम कागदावर लिहून घ्यावेत, मोबाइलवर चित्रफीत काढून घ्यावी आणि घरी रोज करावेत. महिन्यातून एक फेरी तरी चुकवू नये.

मास्तरांच्या हातात

यातलं बरंचसं टाळता येतं आणि त्याला पैसा थोडाच लागतो. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा क्रीडाशिक्षकांनी आणि आत्मरक्षा प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी लाथ शिकवण्याआधी मुलांना नुसतं चवड्यावर फिरायला शिकवावं. ग्रामपंचायतीनं आणि शाळा व्यवस्थापन समितीनं ओट्याला एकदा गुळगुळीत गिलावा करून द्यावा किंवा चाळलेल्या मातीचा एक पट्टा तयार करावा. एक मीटर बाय एक मीटरच्या फोमच्या मॅट एकमेकींत अडकतात, एका वर्गाला पंचवीसतीस पुरतात, गावातल्या एखाद्या मंडळानं वर्गणीतून त्या घ्याव्यात. फरशी ओली असेल त्या दिवशी लाथा बंद ठेवाव्यात. आईबापांनी पोराच्या गुडघ्याला सूज आली तर मालिशवाल्याच्या आधी डॉक्टरला दाखवावं.

आणि तोवर, ज्या शाळेत दुसरी कुठलीच जागा नाही, तिथं खडबडीत सिमेंटवर राउंडहाउस घेऊ नये. समोरची सरळ लाथ घ्यावी, हाताचे डाव घ्यावेत, तोल शिकवावा. राउंडहाउस चांगली जमीन मिळेपर्यंत थांबू शकतो.